फॉस्फेटची साखळी आणि मराठी क्रियापद

मराठीतील शास्त्रीय लेखनाची चर्चा निघाली म्हणजे ती बहुधा नामांपाशी सुरू होते आणि नामांपाशीच संपते. एंझाइमला विकर म्हणावे की वितंचक, पेशी हा शब्द ठेवावा की कोशिका, सूक्ष्मजंतू आणि जिवाणू यांत भेद करावा की नाही, या वादांत दोन-तीन पिढ्यांची बुद्धी खर्ची पडली. ती वाया गेली असे म्हणण्याचे कारण नाही. १९४८ साली दाते-कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश निघाला. १९६० नंतर भाषा संचालनालयाने विषयवार कोशांचे काम हाती घेतले. १९७६ पासून विश्वकोशाचे खंड वाचकांच्या हाती येऊ लागले. शब्दांची वाण आज मराठीला नाही. तरीही जीवरसायनशास्त्रावरील मराठी गद्य वाचताना जाणता वाचक अडखळतो, आणि नीट पाहिले असता त्याच्या अडखळण्याचे स्थान नाम नसून क्रियापद आहे असे दिसून येते. या विधानाची परीक्षा एका लहान आणि नेमक्या विषयावर करून पाहण्यासारखी आहे. तो विषय असा : जिवाणूंतील विकरे फॉस्फेटची साखळी कशी रचतात आणि रचलेली साखळी कशी वापरतात.

विषयाच्या निवडीला स्थानिक कारणही आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील बरीचशी शेतजमीन काळी, भारी व चुनखडीयुक्त आहे. खताच्या रूपाने घातलेले स्फुरद या मातीतील कॅल्शियमशी बांधले जाते व त्याचा मोठा भाग मुळांच्या हाती लागत नाही. म्हणून सोयाबीनच्या पेरणीपूर्वी बियाण्यास रायझोबियमबरोबरच स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे संवर्धक चोळावे, अशी शिफारस परभणीच्या कृषी विद्यापीठापासून गावच्या कृषी सेवा केंद्रापर्यंत सर्वत्र केली जाते. दुसरीकडे, सूक्ष्मजीवशास्त्राचा पदवीचा विद्यार्थी आल्बर्टच्या पद्धतीने जिवाणू रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकातून हिरवट देहात निळसर-काळे ठिपके पाहतो. हे ठिपके म्हणजे फॉस्फेटच्या साखळ्यांचे पुंजके होत. शेतात अडकून पडलेले आणि काचपट्टीवर दिसणारे द्रव्य एकाच कुळातले आहे. परंतु बांधावर त्याचे नाव स्फुरद, प्रयोगशाळेत फॉस्फेट. आणि या दोन नावांना जोडणारे मराठी वाक्य क्वचितच कोणी लिहितो.

प्रथम वस्तुस्थिती. एक फॉस्फरस व त्याभोवती चार ऑक्सिजन अशी फॉस्फेटची घडण असते. शेजारच्या दोन फॉस्फेटांनी एक ऑक्सिजन सामाईक धरला की ती जोडली जातात. अशी तीनपासून हजारापर्यंत फॉस्फेटे एका ओळीत आली म्हणजे पॉलिफॉस्फेट तयार होते. पेशीचे ऊर्जा-चलन म्हणून शालेय पुस्तकांतून परिचित झालेल्या एटीपीच्या शेपटात फॉस्फेटांना जोडणारा जो बंध असतो, त्याच जातीचा बंध या साखळीत शेकडो वेळा येतो.

नामांचा इतिहास येथेही मनोरंजक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कण प्रथम दिसले तेव्हा त्यांचे द्रव्य कोणते हे ठाऊक नव्हते; निळ्या रंगात बुडवले असता ते तांबूस दिसत, म्हणून त्यांचे नाव ‘रंग पालटणारे कण’ या अर्थाचे पडले. पुढे ते ज्या जिवाणूत ठळक दिसत त्याच्या नावावरून व्होल्युटिन हे नाव आले. १९४७ साली व्हिआम यांनी यीस्टमधील या कणांचा संबंध फॉस्फेटच्या साखळीशी जोडला. १९५६ साली आर्थर कोर्नबर्ग, सिल्व्ही कोर्नबर्ग आणि सिम्स यांनी एश्चेरिशिया कोलाय या जिवाणूतून साखळी रचणारे विकर वेगळे काढले, तेव्हा त्यांनी साखळीला मेटाफॉस्फेट म्हटले होते. पॉलिफॉस्फेट हे नाव त्यानंतर रूढ झाले. अर्थात ज्या भाषेत हे शास्त्र वाढले त्या भाषेतही नाव तीनदा बदलले आणि शास्त्राचे काही अडले नाही. मराठीत बहुफॉस्फेट लिहावे की पॉलिफॉस्फेट, हा प्रश्न याच कारणाने गौण आहे. दोन्ही चालतील.

‘साखळी’ या शब्दाविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. तो इंग्रजीतून शब्दशः उतरवलेला आहे आणि मराठीत त्याला बंधनाचा वास आहे, म्हणून माळ किंवा सर हे शब्द अधिक सुंदर ठरतील, असा आक्षेप येऊ शकतो. तो टिकत नाही. माळेत मणी वेगळे आणि दोरा वेगळा. दोरा तुटला की सगळे मणी एकदम विखुरतात. फॉस्फेटच्या रचनेत दोरा नाहीच. प्रत्येक एकक शेजारच्या एककाला स्वतः धरून असते, जशी कडी कडीत अडकलेली असते. साखळी एका ठिकाणी तुटली तर तिच्या दोन साखळ्या होतात, आणि फॉस्फेटचेही तेच होते. यामुळे ‘ओवणे’ हे गोड क्रियापद येथे वर्ज्य मानावे लागते आणि ‘जोडणे’ हे साधे क्रियापद पत्करावे लागते. क्रियापदाची निवड ही शोभेची बाब नसून रचनेच्या ज्ञानाची बाब आहे, याचे हे पहिले उदाहरण.

आता रचनेच्या क्रियेकडे वळू. पाठ्यलेखनात ज्या धाटणीचे वाक्य सर्रास आढळते ते असे : ‘सदर विकराद्वारे पॉलिफॉस्फेटचे संश्लेषण करण्यात येते.’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे आणि त्यातून काहीही कळत नाही. संश्लेषण कशापासून, कोठल्या टोकाला, काय देऊन काय घेऊन, याविषयी ‘करण्यात येते’ हे क्रियापद मौन पाळते. कार्यालयीन टिपणीत हे मौन सोयीचे असते. शास्त्रात ते सोयीचे नाही. प्रत्यक्षात घडते ते असे : पॉलिफॉस्फेट कायनेज हे विकर एटीपीच्या शेपटातले शेवटचे फॉस्फेट स्वतःकडे घेते, विकराच्या घडणीतील हिस्टिडीन या अमिनो आम्लावर ते क्षणभर बसते, मग विकर ते साखळीच्या टोकाला जोडते. एटीपीचे एडीपी होते, साखळी एका कडीने वाढते. हीच कृती पुन्हा पुन्हा होऊन सातशे-आठशे कड्यांची साखळी तयार होते. घेणे, बसणे, जोडणे, वाढणे ही चारही क्रियापदे लातूरच्या आठवीतल्या मुलाला येतात. ‘संश्लेषण करण्यात येणे’ हे त्याला पाठ करावे लागते.

संस्कृत भाववाचक नामास ‘करणे’ जोडून क्रियापद बनवण्याची ही रीत मराठीला नवी नाही, आणि ती सर्वस्वी त्याज्यही नाही. विषयाची मथळ्यात ओळख करून द्यायची असेल तेथे संश्लेषण हा शब्द हवाच. पण मथळ्याचे गद्य परिच्छेदात शिरले म्हणजे कर्ता, कर्म आणि करण यांची सरमिसळ होते. विकर हा कर्ता की करण, या प्रश्नाचे उत्तर मराठीच्या विभक्ती सहज देऊ शकतात. ‘विकर साखळी जोडते’ आणि ‘विकरामुळे साखळी जोडली जाते’ या दोन वाक्यांत भेद आहे. विकराला इच्छा नसते. क्रिया कोणत्या दिशेने जाणार हे भोवतालच्या एटीपी आणि एडीपी यांच्या प्रमाणावर ठरते. एडीपी वाढले की हेच कायनेज उलट चालते, साखळीच्या टोकाचे फॉस्फेट काढून एडीपीला देते आणि एटीपी बनवते. म्हणून गवंड्याच्या रूपकाने विकराचे वर्णन करणे धोक्याचे आहे. विटांचे प्रमाण पालटले म्हणून कोणताही गवंडी आपलीच भिंत उतरवू लागत नाही.

यापुढचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : जिवाणूत ही साखळी असते ती कशासाठी? ‘जिवाणू फॉस्फेट साठवतात’ हे उत्तर पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे आणि त्याबरोबर कोठाराचे रूपक ओघाने येते. मराठवाड्यात तर हे रूपक फारच जवळचे, कारण जुन्या घरांतील बळद आणि अंगणातले ज्वारीचे पेव अजून स्मृतीतून गेलेले नाही. रूपक सुबोध आहे. पण ते दोन ठिकाणी दगा देते.

एक तर पेव बंद असेपर्यंत आतील धान्य घराच्या कारभारात भाग घेत नाही. फॉस्फेटच्या साखळीचे तसे नाही. ती साठलेल्या अवस्थेतच काम करीत असते. तिच्यावर ऋण भार असल्याने ती कॅल्शियम, मॅग्नेशियम, मँगनीज यांसारख्या धातूंना धरून ठेवते. अमिनो आम्लांची टंचाई झाली असता ती लॉन नावाच्या प्रथिनभक्षक विकराशी जुळते आणि त्याच्याकडून रायबोसोमची प्रथिने फोडवून घेते, असे २००१ साली दाखवले गेले. ब्लीचिंग पावडरसारख्या द्रव्याच्या माऱ्यात प्रथिने उलगडून एकमेकांना चिकटू लागतात, तेव्हा ही साखळी त्यांना गोठू देत नाही, असे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून दिसले. धान्य पेवात असताना घराची राखणही करते, असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा दगा क्रियापदाचा आहे आणि तो अधिक सूक्ष्म आहे. मराठीत साचणे, साठणे आणि साठवणे अशी तीन रूपे आहेत. साठवणाऱ्याला हेतू असतो. साचण्याला हेतू लागत नाही, मार्ग अडला की पुरे. नाल्यात गाळ साचतो, तो कोणी साठवीत नाही. आता उपासमारीत कोलाय जिवाणूच्या पेशीत साखळीचे प्रमाण शेकडो पटींनी वाढते, ही गोष्ट घ्या. १९९७ साली कोर्नबर्ग यांच्या गटाने तिचा खुलासा असा केला की उपासमारीचा संकेत देणारा एक लहान रेणू साखळी तोडणाऱ्या विकरास आवरतो; रचणारे विकर पूर्वीच्याच गतीने चालत राहते आणि साखळी वाढत जाते. हा खुलासा मानला तर ‘जिवाणू साखळी साठवतो’ हे वाक्य चूक ठरते, आणि ‘जिवाणूत साखळी साचते’ हे बरोबर ठरते. कारण येथे रचणाऱ्याचा वेग वाढलेला नाही, तोडणाऱ्याचा हात धरला गेला आहे. पुढे २०१९ साली असे आढळले की तो संकेत-रेणू नसतानाही साखळी वाढते, म्हणजे खुलासा पुन्हा तपासावा लागणार. लक्षणीय गोष्ट ही की ‘साचते’ हे क्रियापद या फेरतपासणीतही खोटे पडत नाही. शास्त्राला जेवढे ठाऊक आहे तेवढेच ते सांगते. ‘साठवतो’ मात्र न सिद्ध झालेला हेतू वाक्यात लपवून आणते. हा भेद मराठीला आयता मिळालेला आहे. संचय, संग्रह, संचयन या नामांच्या गर्दीत तो वापरला जात नाही, याला भाषेचे दारिद्र्य म्हणता येत नाही. ही लेखकांची हयगय आहे.

साखळीच्या वापरासंबंधी जे लिहिले जाते त्यात याहून मोठा दोष आहे. ‘बंध तुटतो व ऊर्जा मुक्त होते’ हे सूत्र शाळेपासून पदव्युत्तर वर्गापर्यंत म्हटले जाते. खरे पाहता कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा लागतेच. ऊर्जा निघते ती संपूर्ण विक्रियेतून, जुने बंध जाऊन नवे अधिक स्थिर बंध येतात त्या व्यवहारातून. ‘उच्च ऊर्जेचा बंध’ हा इंग्रजीतून आलेला वाक्प्रयोग तेथेही गैरसमज पसरवतो. मराठीत ‘तुटणे’ या क्रियापदाने तो अधिक घट्ट होतो, कारण ताणलेली दोरी तुटली की झटका बसतो, हे चित्र मनात येते.

या सूत्राने दोन भिन्न क्रिया एक होऊन जातात, हा त्याचा दुसरा तोटा. एक्सोपॉलिफॉस्फेटेज हे विकर साखळीच्या टोकापासून एकेक फॉस्फेट सुटे करते आणि ते पाण्याच्या स्वाधीन करते. येथे साखळीतील ऊर्जेचा जिवाणूला चलन म्हणून काही उपयोग होत नाही; मोकळे फॉस्फेट तेवढे हाती येते. कायनेज उलट दिशेने चालते तेव्हा तेच शेवटचे फॉस्फेट पाण्यात न जाता एडीपीला दिले जाते, आणि ऊर्जा एटीपीच्या रूपाने शिल्लक राहते. २००२ साली स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूत सापडलेले दुसऱ्या जातीचे कायनेज तर मुख्यतः या देण्याच्याच कामाचे आहे. साखळीतले फॉस्फेट ते जीडीपीला देऊन जीटीपी बनवते. एका क्रियेत नाणे विहिरीत पडते, दुसऱ्या क्रियेत ते एका हातातून दुसऱ्या हातात जाते. जलीय विच्छेदन ही संज्ञा पहिल्या क्रियेला योग्य आहे. दुसऱ्या क्रियेला विघटन म्हणणे म्हणजे उसनवारीला दिवाळे म्हणण्यासारखे आहे. ‘सोडणे’ आणि ‘देणे’ ही दोन क्रियापदे नेमाने वेगळी वापरली, तर तळटीप न देताही विद्यार्थ्याला भेद कळेल.

येथे मराठवाड्याच्या एका अनुभवाची आठवण ठेवणे उचित ठरेल. नांदेड आणि त्या काळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे हैदराबाद संस्थानाचे भाग होते. त्या संस्थानात १९१८ पासून उस्मानिया विद्यापीठात शास्त्र विषयही उर्दूतून शिकवले जात, आणि त्यासाठी आदल्याच वर्षी स्थापन झालेले भाषांतर खाते शब्द घडवीत असे. देशी भाषेतून उच्च शास्त्रशिक्षणाचा एवढा मोठा प्रयोग त्या काळी भारतात दुसरा नव्हता. उर्दूत एंझाइमला खामिरा म्हणतात. खमिराशी त्याचे नाते उघड आहे, आणि मूळ युरोपीय शब्दही आंबवणाऱ्या द्रव्यावरूनच बनलेला आहे. मराठीतील वितंचक हा शब्दही दूध विरजण्याच्या कल्पनेतूनच घेतलेला दिसतो. तिन्ही भाषा स्वयंपाकघरातूनच प्रयोगशाळेत गेल्या. विकर या शब्दाने ही वाट सोडली आणि तो रूढ झाला. आता त्याला हात लावण्यात अर्थ नाही. उस्मानियाची परिभाषा मात्र १९४८ नंतर माध्यम बदलताच मराठवाड्यातून दिसेनाशी झाली. शब्द चांगले होते की वाईट, हा प्रश्नच उरला नाही. त्यांत बोलणारा वर्ग उरला नाही.

आजची स्थिती तितकी निर्णायक नाही, पण सुखावहही नाही. नांदेड-लातूरकडील बहुसंख्य मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात आणि अकरावीला एका सुट्टीत इंग्रजीत जातात. लातूर पॅटर्नने या बदलावर परिश्रमाने मात केली, हे मान्य केले पाहिजे. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत तेथील विद्यार्थ्यांनी मिळवलेले यश सर्वश्रुत आहे. २०१७ पासून ती परीक्षा मराठीतूनही देता येते. पण जीवरसायनाचे ज्ञान इंग्रजी नामांच्या रूपाने डोक्यात राहते आणि मराठी क्रियापदांशी त्याची गाठ पडत नाही, ही उणीव गुणपत्रिकेत दिसत नाही. ती घरी दिसते. कायनेजची विक्रिया फळ्यावर बिनचूक लिहिणारा मुलगा, जिवाणूंचे पाकीट आणल्यावर डीएपीची गोणी कमी करावी की नाही, या वडिलांच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाही.

प्रश्न साधा नाही, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा भाषा आहे. कृषी-मराठीत नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी पक्की रुजली आहे. स्फुरद हा सुंदर शब्द आहे; मूळ ग्रीक शब्दातील प्रकाश देणाऱ्याची कल्पना त्यात स्फुरणाच्या धातूवरून उतरली आहे. परंतु वापरात त्याचा अर्थ सरकला आहे. गोणीवर १८:४६ असे आकडे असतात तेव्हा शेतकरी ४६ टक्के स्फुरद असे म्हणतो. तो आकडा फॉस्फरसच्या ऑक्साइडच्या मापाने दिलेला असतो, प्रत्यक्ष फॉस्फरस सुमारे २० टक्के भरतो. मूलद्रव्याचे नाव खताच्या मापाचे नाव झाले. यात बिघडले काही नाही. व्यवहारातले शब्द असेच वागतात. मात्र शास्त्राच्या पुस्तकात स्फुरद लिहायचे असेल तर कोणत्या अर्थाने, हे आरंभीच सांगावे लागेल.

खरी अडचण ‘नत्राचे जिवाणू’ आणि ‘स्फुरदाचे जिवाणू’ या जोडशब्दांची आहे. दोन्ही पाकिटे एकाच दुकानातून येतात, एकाच दिवशी बियाण्याला चोळली जातात आणि व्याकरणात एकाच साच्यातली आहेत. त्यामुळे दोन्ही जिवाणू एकच काम करतात अशी समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र पकडतात. जमिनीत पूर्वी नसलेले नत्र त्यामुळे पिकाला मिळते. स्फुरदाचे जिवाणू बाहेरून काहीही आणीत नाहीत. ते ग्लुकोनिक आम्लासारखी आम्ले सोडतात, त्यामुळे कॅल्शियमशी बांधलेले फॉस्फेट सुटते, आणि जमिनीत आधीच असलेल्या साठ्यातला काही भाग मुळांच्या आवाक्यात येतो. साठा जर पिकाबरोबर दरसाल बाजारात जात असेल आणि गोणी पूर्णपणे बंद केली असेल, तर जिवाणू मोकळे करतील ते आणखी किती वर्षे? षष्ठीच्या ‘चे’ या प्रत्ययाने ‘आणणारे’ आणि ‘मोकळे करणारे’ हा भेद पुसून टाकला, आणि तो भेद खताच्या हिशेबात उतरतो.

अधिकृत शिफारशींत ‘स्फुरद विरघळवणारे जिवाणू’ असे पूर्ण नाव दिले जाते. ते योग्यच आहे, जरी दुकानात त्याचे ‘स्फुरद जिवाणू’ किंवा नुसते ‘पीएसबी’ होते. पण विरघळवणे ही अर्धीच कथा आहे. सुटलेले फॉस्फेट सगळेच मुळांकडे जात नाही. जिवाणूलाही जगायचे असते. आपली गरज भागवून तो उरलेल्यातील काही फॉस्फेट साखळीत जोडू शकतो, आणि तेवढे काही काळ मातीत असूनही मुळांच्या आवाक्याबाहेर राहते. साखळीचे हे प्रकरण पाठ्यपुस्तकात एका प्रकरणात येते, संवर्धकाचे दुसऱ्यात, आणि दोन्हीकडे जिवाणूचे क्रियापद वेगळे असल्याने एकाच जिवाणूची ही दोन कामे आहेत असे वाचकाच्या ध्यानात येत नाही.

पाकिटावर जागा थोडी असते, तरी पुढील मजकूर तेथे मावण्यासारखा आहे : ‘हे जिवाणू जमिनीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात, नवे स्फुरद आणत नाहीत. मोकळे झालेल्यापैकी काही पिकाला मिळते, काही जिवाणू स्वतः घेतात. ते मेल्यावर तेही मातीत परत येते.’ यात एकही संज्ञा नवी नाही, आणि सहा क्रियापदे आहेत.